सोळा फेऱ्यांचा मानकरी

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल नववीत गेलं की एक प्रश्न दत्त म्हणून उभा राहतो. कॉलेजच्या अर्जात खेळाच्या रकान्यात लिहायचं काय? बास्केटबॉलला उंची लागते आणि ती आपल्याकडे आजोळच्या बाजूनंही नाही. टेनिसमध्ये बालवाडीपासून पैसे ओतावे लागतात. सॉकरची निवडयादी लागते आणि तीत आपलं नाव नसतं. उरतं ते पळणं. बहुतेक शाळा लांब पल्ल्याच्या संघातून कोणाला काढत नाहीत. येईल तो पळेल. या उदार धोरणातून एक नवाच वर्ग जन्माला आला आहे. त्याचा अस्सल नमुना माझ्या ताईच्या पोटी आल्यामुळे न्यू जर्सीत मला त्याचा घरबसल्या अभ्यास करता आला.

हा वर्ग पानगळीत क्रॉस कंट्री म्हणून चिखलातून पळतो आणि वसंतात उघड्या मैदानावर. मधल्या थंडीत, डिसेंबर ते मार्च, त्याचा इनडोअर हंगाम असतो. इनडोअर म्हटल्यावर भाचेबुवांनी आणि ताईनंही सुटकेचा निःश्वास टाकला होता. निदान पोरगं उबेत तरी पळेल! पण छप्पर असतं ते फक्त शर्यतीला. सरावासाठी बहुतेक शाळांकडे तसला ट्रॅकच नसतो. रस्ता मोकळा असेल तर शून्याखालच्या थंडीत रस्त्यावर पळायचं. बर्फ साचला असेल तर शाळेच्या कॉरिडॉरमधून, लॉकरच्या रांगांना वळसे घालत पळायचं, आणि तेही 'येथे पळू नये' या पाटीखालून. दिवसा त्याच पाटीवर बोट ठेवून पोरांना थांबवणारे मास्तर संध्याकाळी तिथंच स्टॉपवॉच घेऊन उभे असतात.

पहिल्या हंगामातला धावपटू ओळखायला सोपा असतो. दिवाणखान्याच्या मध्यभागी तो फोम रोलरवर मांडी घासत विव्हळत असतो. पाहुणे आले तरी उठत नाही. कोचनं दहा मिनिटं सांगितलेली असतात. वरणभात पुढ्यात आला की आता तो आधी 'कार्ब्स' किती ते विचारतो. महिन्याभरापूर्वी त्याला पाव किलोमीटरवरच्या बसस्टॉपवर गाडीनं सोडावं लागत होतं, ही गोष्ट घरात काढायची नसते.

पण खरी ओळख पटते ती आकड्यांवरून. हा माणूस पळतो अकरा मिनिटं आणि त्याचा हिशेब मांडतो आठवडाभर. त्याची शर्यत ३२०० मीटरची. ट्रॅक २०० मीटरचा, म्हणजे फेऱ्या सोळा. गणिताच्या पेपरात दशांश चिन्ह हरवून येणारा हा मुलगा एका फेरीला ४२.५ सेकंद धरून सोळा फेऱ्यांचा गुणाकार जेवता जेवता तोंडी करतो. "किती वेळ लागला रे?" असं सहज विचारावं तर "अकरा एकवीस पॉइंट चौऱ्याऐंशी" असं उत्तर येतं. अकरा मिनिटांचं त्याला काही वाटत नाही, पण पॉइंट चौऱ्याऐंशीचा त्याला अभिमान आहे.

वेळ वाईट आली तर कारणं तयार असतात, आणि गंमत म्हणजे त्यांतली बरीचशी खरी असतात. आतला ट्रॅक बाहेरच्याच्या निम्मा, त्यामुळे वळणं दुप्पट, आणि तीही आवळलेली. चांगल्या ट्रॅकची वळणं बाहेरच्या अंगाला उचललेली असतात. त्याला बँक्ड ट्रॅक म्हणतात. ज्याला सपाट ट्रॅक मिळतो त्याचं नुकसान होतं. इथल्या कॉलेजच्या स्पर्धांत सपाट ट्रॅकवरची वेळ बँक्डच्या हिशेबात बदलून घ्यायची अधिकृत सोय आहे. भाचेबुवा शाळेतच असले तरी ही सोय त्यांनी स्वतःपुरती आधीच लागू केली आहे. हॉलमधली कोरडी हवा घशात जाते आणि शर्यतीनंतर दोन दिवस खोकला येतो. हा खोकला ते शाळेत जरा मोठ्यानंच खोकतात. छपराखाली जीपीएस घड्याळाला काही सुधरत नाही. ३२०० मीटरची शर्यत ते कधी तीन किलोमीटर दाखवतं, कधी चार. ज्या दिवशी चार दाखवतं त्या दिवशी भाचेबुवा घड्याळावर विश्वास ठेवतात.

शर्यतीचा दिवस म्हणजे शनिवार. घर सोडायचं पहाटे सहाला आणि शर्यत असते दुपारी तीनला. मधले नऊ तास संघ हॉलच्या एका कोपऱ्यात जाजम टाकून बेगल खात, पत्ते कुटत, एकमेकांच्या बॅगांवर झोपत काढतो. समोर साठ मीटरच्या हीट संपता संपत नाहीत. पालक लाकडी पायऱ्यांवर बसून फोनची बॅटरी आणि पाठ दोन्ही संपवतात. मग कधीतरी पुकारा होतो, कमरेवर नंबराचा स्टिकर लागतो आणि वीसेक पोरं एका वक्र रेषेवर कोपराला कोपर लावून उभी राहतात.

मी पाहिलेल्या एका शर्यतीत भाचेबुवा छान चालले होते. शेवटून तिसरे, पण चेहरा नेत्याचा. रेषेजवळ फेऱ्या मोजणारे गृहस्थ पाटीवरचे आकडे उलटत होते. ही पाटी पहिल्या धावपटूसाठी असते आणि शेवटच्या फेरीची घंटाही त्याच्याच नावानं वाजते. पहिला मुलगा पंधरा फेऱ्या संपवून रेषेवर आला आणि घंटा वाजली. भाचेबुवा तेव्हा समोरच्या सरळीत, दीड फेरी मागे. पण घंटा सगळ्यांनाच ऐकू येते. त्यांचे डोळे विस्फारले, गुडघे वर आले आणि जो काही वेग त्यांनी जन्मापासून राखून ठेवला होता तो सगळा बाहेर पडला. एकाला गाठलं, दुसऱ्याला गाठलं. ताई पायरीवर उभी राहून "चल रे, चल रे!" ओरडू लागली, भावजींनी मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं. रेषा ओलांडून भाचेबुवांनी दोन्ही हात वर केले आणि कमरेतून वाकून उभे राहिले.

पाटीवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अजून एक."

त्या एका फेरीचं वर्णन करत नाही. गाठलेले दोघंही पुन्हा पुढे गेले. चित्रीकरण मात्र भावजींच्या फोनमध्ये अजून आहे, हात वर केल्यापर्यंतचं.

साताऱ्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, मी आज सोळा फेऱ्या मारल्या!"

"कुठल्या देवळाला?"

"देऊळ नाही गं, ट्रॅक."

"अरे, औदुंबराला आम्ही एकशे आठ घालत होतो, निर्जळी. घड्याळ कोण लावून बसलं होतं?" मग आजीचा सूर बदलला. "आपल्या माणची ललिता बाबर २०१६ साली रिओला पळाली. ऑलिंपिकची फायनल. ती मध्ये अडथळे नि पाणी ओलांडून पळाली हो. तुझ्या वाटेत काय होतं?"

"माझ्या वाटेत माणसं होती, आजी."

"वाटेत नव्हती, पुढे होती."

यानंतर पोरगं खेळ सोडेल असं आम्हाला वाटलं. अर्जाचा रकाना भरला होता. कोणी काही म्हटलं नसतं. पण झालं उलटंच. त्यानं खोलीत आकड्यांचा एक कागद चिकटवला. त्यावर गुलवीर सिंगची वेळ आहे : फेब्रुवारी २०२५, बॉस्टन, ५००० मीटर, १२ मिनिटं ५९.७७ सेकंद. तेरा मिनिटांच्या आत पळणारा तो पहिला भारतीय. म्हणजे पंचवीस फेऱ्या, प्रत्येक ३१ सेकंदांच्या आसपास. भाचेबुवांनी तो वेग स्वतः करून पाहिला. दोन फेऱ्या जमल्या, तिसरी अर्धवट. हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती, एखाद्या थोर गवयाची तान ऐकून आल्यासारखं काहीतरी होतं.

मग मॅनहॅटनमधल्या १६८व्या रस्त्यावरच्या आर्मरीत जाणं झालं. जुन्या लष्करी इमारतीत आज बँक्ड ट्रॅक आहे आणि मिलरोझ गेम्स ही नावाजलेली इनडोअर स्पर्धा २०१२पासून तिथंच होते. पोरगं आत शिरल्यावर कधी नव्हे ते गप्प झालं. त्या दिवशी ते घंटेला फसलं नाही. स्वतःच्या फेऱ्या स्वतः मोजल्या, पुढचे दोघं थकले तेव्हा त्यांना गाठलं आणि गाठलेलं टिकवलं. वेळ अकरा मिनिटांच्या आत आली. नंबर विचारायचा नाही, हे तोवर आम्हीही शिकलो होतो.

पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या रांगेत भाचेबुवांभोवती आठवीतली दोन पोरं जमली. त्यांच्या आया मागे कान देऊन उभ्या होत्या. भाचेबुवा शिकवत होते, "घंटा वाजली तरी सुटायचं नाही. आधी स्वतःला विचारायचं, आपली कितवी."

एका पोरानं विचारलं, "दादा, तू जिंकलास का?"

"पीआर आला."

"पीआर म्हणजे कितवा नंबर?"

भाचेबुवांनी थोडा विचार केला. "म्हणजे त्या दिवशी माझ्यात मी पहिला आलो."

पोरांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण मागची एक आई लगबगीनं पुढे आली आणि म्हणाली, "अरे, त्या संघातून काढत नाहीत ना कोणाला?"