सूर्याची एनओसी

खारघरमध्ये वीज आहे. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण मी गाडीपुरती वीज स्वतः तयार करतो हे कळल्यावर साताऱ्याच्या आत्याने काळजीने फोन केला होता, "तुमच्याकडे अजून लाईट आली नाही का रे?" आली आहे, आत्या. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो विजेवरच धावते. आमच्या इमारतीची लिफ्ट चालते, आणि लिफ्टमधली बाई प्रत्येक मजल्याचं नाव इंग्रजीत सांगते. फक्त स्टिल्टमधल्या चौदा नंबरच्या पार्किंगला वीज नाही, आणि माझी विजेची गाडी तिथे उभी असते. तिच्यापासून २२ फुटांवर सोसायटीची ट्यूबलाईट रात्रभर जळते. मी टेपने मोजलं आहे.

या २२ फुटांसाठी मी सोसायटीकडे अर्ज केला. सेक्रेटरीकाकांनी तो चष्मा बदलून वाचला आणि विचारलं, "वायर तापली, आग लागली, तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. मी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या. घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करायला मुभा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. काका म्हणाले, "घरी म्हटलंय. पार्किंग घर आहे का?" हाही प्रश्न रास्त होता. मग सभेच्या नोटिशीत माझा विषय 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या शेवटच्या कलमात गेला. ते कलम येण्याआधी चहा येतो, आणि चहानंतर कोरम उरत नाही. अशा तीन सभा झाल्या. चहा तिन्ही वेळा चांगला होता.

सार्वजनिक चार्जिंगबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे एक गाडी शंभर टक्के भरून उभी असते आणि तिचा मालक जेवायला गेलेला असतो. तो परत येईपर्यंत मशीन बंद पडलेलं असतं. माझ्या मोबाइलमध्ये पाच कंपन्यांची पाच अॅप आहेत. प्रत्येकात चाळीसएक रुपये शिल्लक आहेत. ते मला परत मिळत नाहीत आणि कुठल्याही एका मशीनला पुरत नाहीत.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आयुष्यात माणसाला सगळं माहीत असतं त्या वर्षाला. तो म्हणाला, "मामा, ग्रिडच सोड. ना सोसायटी, ना अॅप. आपली वीज आपण करायची." स्वराज्याची कल्पना मला शाळेपासून आवडते.

पहिला प्रयोग घरातल्या इन्व्हर्टरवर झाला. आमची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपियर-तासांची. गुणाकार केला तर १.८ युनिट वीज होते. प्रत्यक्षात सव्वा युनिट मिळाली तरी बॅटरीचे आभार मानावेत. माझी गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते आणि तिची टाकी तीस युनिटांची आहे. म्हणजे दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मनीप्लांटशेजारी बसलेल्या त्या जड डब्यावर मी बेलापूरला जाऊन जेमतेम परत येऊ शकतो, तेही एसी बंद ठेवून. टाकी पूर्ण भरायला असे चोवीसेक डबे लागतील. पण हिशेब तिथवर पोचलाच नाही. गाडीचा चार्जर तीन हजारांवर वॅट मागतो आणि आमचा इन्व्हर्टर चार पंखे, चार दिवे आणि राउटर यांच्यासाठी जन्माला आलेला. त्याने एकदा किंकाळी फोडली आणि मान टाकली. घरात अंधार झाला. शेजारी लाईट होती, त्यामुळे हिला कारण विचारावं लागलं नाही.

दुसरा प्रयोग पेणजवळ मित्राच्या प्लॉटवर झाला. त्याच्याकडे मंडपवाल्याचा जनरेटर होता. जनरेटर सुरू केला, गाडी जोडली, चार्जरवर लाल दिवा लागला. काढून पुन्हा जोडली, पुन्हा लाल. तिथला वायरमन बिडी विझवून आला आणि त्याने मला जे समजावलं ते कंपनीच्या दीडशे पानी पुस्तकातही इतकं सोपं नाही. घरच्या विजेत न्यूट्रल कुठेतरी जमिनीला बांधलेला असतो. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कुणालाच बांधलेला नसतो, तो अधांतरी असतो. गाडीचा चार्जर वीज घेण्याआधी तपासतो, की काही बिघडलं तर करंट जमिनीत जायला वाट आहे का. वाट दिसली नाही की तो हाताची घडी घालून बसतो. म्हणजे काही लाखांची गाडी जमिनीवर उभी होती, पण जमीन आहे यावर तिचा विश्वास नव्हता. अर्थात ती बरोबर होती. वायरमनने खड्डा खणला, सळई पुरली, मीठ-कोळसा घातला, जनरेटरचा न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलं, वर बादलीभर पाणी ओतलं. एखाद्या वास्तुशांतीत शोभेल असा विधी झाला आणि दिवा हिरवा झाला. (हे घरी स्वतः करून पाहू नका. माझ्याकडे पेणचा वायरमन होता.)

मग मी डिझेलचा हिशेब केला, जो करायला नको होता. एका लिटरमध्ये जनरेटर तीनेक युनिट देतो. चार्जिंगमध्ये थोडी वीज गळते. उरते त्यात गाडी अठराएक किलोमीटर जाते. माझी जुनी डिझेल गाडीही लिटरला एवढंच जायची. फरक इतकाच, की ती डिझेल स्वतः सोबत न्यायची. आता डिझेल पेणला जळतं, मी तीन तास खुर्चीवर बसून त्याचा आवाज ऐकतो, आणि मग पर्यावरणस्नेही हिरव्या नंबरप्लेटची गाडी घेऊन खारघरला परत येतो.

भाचा म्हणाला, "धबधबा?" त्याला वाटलं मी हसेन. पण आपल्या मुलखात पडत्या पाण्याची वीज काही नवी नाही. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून वीज केली आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आमच्याकडे तर पांडवकडा आहे, चांगला शंभर मीटर उंच. त्याची अडचण एवढीच, की तो वर्षातून चार महिने वाहतो आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत तिकडे जायला बंदी असते. बंदीचं कारणही रास्त आहे. दर पावसाळ्यात तिथे कुणी ना कुणी सेल्फी काढत असतो.

राहिला सूर्य.

सूर्याचा हिशेब कागदावर इतका सुंदर बसतो की मी तो दोनदा सुवाच्य अक्षरात लिहिला. एक किलोवॅटची सोलर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतात. मला रोज पस्तीस किलोमीटर जावं लागतं, म्हणजे पाच युनिट. तीन पॅनेल पुरेत. प्रत्येक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद, वजन अठ्ठावीस किलो. सोप्या भाषेत, तीन पलंग. पण तीन पलंगांवर ऊन पडतं सकाळी नऊ ते पाच, आणि त्या वेळेत गाडी माझ्याबरोबर ऑफिसला असते. सूर्य आणि मी एकाच शिफ्टला आहोत. साप्ताहिक सुट्टी मात्र मला एकट्यालाच असते.

म्हणून मध्ये बॅटरी हवी, लिथियमची, किंमत लाखाच्या पुढे. मग पॅनेलमधून कंट्रोलर, कंट्रोलरमधून बॅटरी, बॅटरीतून इन्व्हर्टर, इन्व्हर्टरमधून गाडीचा चार्जर, आणि शेवटी गाडीची बॅटरी. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून विजेच्या मोटारींना टोल माफ झाला, पण या मार्गावर प्रत्येक नाक्यावर टोल आहे. सूर्याकडून निघालेल्या पाच युनिटांतलं सव्वा-दीड युनिट वाटेत नुसतं गरम हवा होऊन जातं. म्हणजे तीन पलंगांचे चार झाले.

पुण्यातल्या वेव्ह मोबिलिटी या कंपनीने 'इवा' नावाची एक चिमुकली गाडी आणली आहे. तिच्या टपावरच सोलर बसवता येतं. त्या उन्हावर वर्षाला तीन हजार किलोमीटर फुकट, असा कंपनीचा दावा आहे, म्हणजे दिवसाला आठेक किलोमीटर. मला ती फार आवडली. मग आठवलं, की फ्लॅट घेताना मी 'कव्हर्ड' पार्किंगचे वेगळे पैसे मोजले आहेत. गाडीवर सूर्य पडू नये म्हणून.

टेरेसवर चार पलंग ठेवण्यासाठी मी नवा अर्ज केला. टेरेस सर्वांची आहे, म्हणजे कुणा एकाची नाही, म्हणजे किल्ली सेक्रेटरीकाकांकडे असते. सातव्या मजल्यावरच्या काकूंनी पापडांच्या जागेचा प्रश्न काढला. त्या तेवीस वर्षं तिथे पापड वाळवतात. त्यांचा आणि माझा इंधनपुरवठा एकच निघाला, आणि ज्येष्ठता त्यांची. मी अर्जाला सरकारी योजनेचे कागद जोडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये मिळतात, आणि त्या सोयींमध्ये विजेच्या गाड्यांचं चार्जिंगही धरलं आहे. शेवटच्या ओळीखाली मी लाल पेनाने रेघ मारली.

माझ्या अर्जाचा उपयोग झाला. कमिटीने तो वाचला, तिला योजना पसंत पडली, आणि सहा महिन्यांत पापडांची जागा सोडून अख्खी टेरेस सोसायटीच्या पॅनेलनी भरली. त्यावर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि ती २२ फुटांवरची ट्यूबलाईट चालते. चार्जिंग दुसऱ्या टप्प्यात आहे. पहिला टप्पा संपला, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

मे महिन्यात एकदा भर दुपारी दोन वाजता लाईट गेली. वर ऊन असं की चप्पल चिकटावी. मी आनंदाने लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट बंद. ग्रिडला जोडलेलं सोलर ग्रिड गेली की आपणहून बंद होतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ही सोय आहे. यावर काय बोलणार? लाइनमन जगला पाहिजे. मी चार मजले चढत होतो आणि डोक्यावर सोसायटीची शेकडो किलोची पॅनेल पूर्ण प्रकाशात शांतपणे काहीही करत नव्हती. या सगळ्या प्रकरणात मला अजून एकही माणूस किंवा यंत्र चुकीचं सापडलेलं नाही, आणि हेच जास्त खुपतं.

हल्ली मी बाल्कनीवर आहे. दोनशे वॅटचं घडीचं पॅनेल आणि सुटकेससारखी एक बॅटरी. बाल्कनी पश्चिमेची. ऊन अडीचला येतं आणि पावणेपाचला समोरच्या टॉवरमागे जातं. त्या सव्वादोन तासांत जेमतेम पाव युनिट जमतं, म्हणजे दीड-पावणेदोन किलोमीटर. समोर बांधकाम चालू असल्यामुळे पॅनेलवर रोज सिमेंटचा थर बसतो. तो धुवायला पाणी लागतं. उन्हाळ्यात आमचं पाणी टँकरने येतं. टँकर डिझेलवर येतो. मागच्या मंगळवारी घरी आलो तर पॅनेलवर डबलबेडची चादर वाळत होती. हिला विचारलं. ती म्हणाली, "तिथे ऊन चांगलं येतं."

आठवडाभराची कमाई सुटकेसमध्ये साठली की रविवारी मी ती लिफ्टने खाली नेतो. वॉचमन एका बाजूने धरतो. चार्जरला सहा अँपियरवर ठेवावं लागतं, नाहीतर सुटकेसही इन्व्हर्टरच्या वाटेने जाते. तास-सव्वा तासात गाडीच्या पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा पाचाने वाढतो. तेवढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सात जणांना मी हे काय चाललंय ते सांगतो. त्यातले चौघे "परवडतं का?" विचारतात.

गणपतीत, आरतीच्या ऐन वेळेला लाईट गेली. रात्री सोलरचा प्रश्नच नव्हता आणि सोसायटीच्या जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. मूर्ती अंधारात, काकूंचा प्रसादाचा मिक्सर अर्ध्यावर. भाचा म्हणाला, "मामाच्या गाडीतून बाहेर वीज काढता येते." येते. तशी सोय आहे. सेक्रेटरीकाका क्षणात एक वायर घेऊन आले आणि त्यांनी ती स्वतः चौदा नंबरपासून ट्यूबलाईटच्या खांबापर्यंत ओढली. वायर बरोबर पुरली. तिच्यातून दोन तास करंट गेला, अर्थात उलट दिशेने, आणि आग हा शब्द कुणी काढला नाही. आरती झाली, मोदक झाले, माझं नाव घेऊन टाळ्याही झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वायर गुंडाळून ऑफिसात कुलूपबंद झाली.

गाडीच्या पडद्यावर त्या रात्रीचा खप १.४ युनिट दिसतो. बाल्कनीच्या हिशेबाने ती माझी सहा दिवसांची कमाई. मी रीतसर बिल केलं, प्रत जोडली, पोच घेतली. बिल पुढच्या सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत घेण्यात येईल, असं सेक्रेटरीकाकांनी लेखी कळवलं आहे.