बगळा साफ

पांढऱ्या बगळ्यापुढे कॅमेरा हमखास फसतो. मागे गर्द पाणी असलं की तो उजेड वाढवतो आणि पिसांचा नुसता चुना होतो. म्हणून जाणकार एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी ठेवतात. पिसन् पीस वाचतं.

नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयाकाठी पहाटे पालथे पडणारे हौशी एवढ्यावर थांबत नाहीत, हे त्यांचं थोरपण. खरी पक्षिसेवा घरी, संगणकावर. जलपर्णी पुसली जाते, गुटख्याच्या पुड्या जातात, गढूळ गोदावरी निळीशार होते. नीळकंठाला निसर्गाने दिलेला निळा जरा कमीच पडतो. तोही भरून काढतात.

ही विद्या लातूरला वेळेवर पोहोचली नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी रेल्वेने आणावं लागलं. केवढा खटाटोप! मांजरा धरणाच्या भेगाळलेल्या तळाचा फोटो घेऊन निळ्याची पट्टी थोडी उजवीकडे सरकवली असती, तर धरण बसल्या जागी भरलं असतं. सांडव्यासकट.

एका हौशीने नुकतंच असं निर्दोष चित्र सिद्ध केलं. सोनेरी ऊन, निळं पाणी, कचऱ्याचा कण नाही.

बगळाही नाही. तो प्लास्टिकच्या पोत्यावर उभा होता.