सायखेडा दर्शन: वेळ पाण्याच्या सोयीने

स्पेनच्या सेगोव्हिया प्रांतात दुरातोन नावाची नदी आहे. चुनखडीच्या खडकात खोल घळ कापत ती वळणं घेत जाते. घळीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि वर काठावर सान फ्रुतोस या संताचा जुना मठ आहे. सायखेड्याच्या जावयाला हे सगळं तोंडपाठ होतं. मागच्या सुट्टीत तो तिथं जाऊन आला होता आणि तेव्हापासून सासुरवाडीच्या एकाही माणसाला मोबाइलवर फोटो दाखवल्याशिवाय सोडत नव्हता. सासूबाईंनी गिधाडं पाहून ‘अगं बाई!’ म्हटलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. सासरेबुवांनी चष्मा वर करून एवढंच विचारलं, ‘‘पाणी किती क्युसेकनं वाहतं?’’

याचं उत्तर फोटोत नव्हतं.

‘‘मामा, तिथं नकाशा मिळतो, जागोजागी फलक असतात, काय केव्हा उघडं ते लिहिलेलं असतं,’’ जावई म्हणाला. ‘‘आपल्याकडे नदी आहे, पण बघायचं काय आणि कधी, हे कुणी सांगेल का?’’

मेहुण्यानं गाडीची किल्ली उचलली. ‘‘बघायचं काय ते मी सांगतो, दाजी. कधी, ते मात्र धरणवाल्यांना विचारावं लागेल.’’

सायखेडा नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या उजव्या काठावर आहे. समोरच्या काठावर चांदोरी आणि मध्ये पूल. इथं गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात, एरवी ती गंगा. त्र्यंबकेश्वराच्या ब्रह्मगिरीवरून निघून नाशिक ओलांडून येते तोवर दारणा तिला मिळालेली असते. म्हणजे गंगापूर धरणाचे दरवाजे उघडोत की दारणेचे, पाणी सायखेड्याच्याच दारात येतं. दौऱ्याची सुरुवात त्यामुळे पुलापासून करायची, हे मेहुण्यानं परस्पर ठरवलं होतं.

जावयानं पूल निरखला. कमानी नाहीत, कोरीवकाम नाही, रोमनांनी बांधल्याची वदंताही नाही.

‘‘यात बघायचं काय?’’

‘‘आत्ता काहीच नाही. ऑगस्टात या.’’

२०१६ आणि २०१९ अशा दोन ऑगस्ट महिन्यांत गंगा गावात शिरली, बाजारपेठेत फिरली आणि दुकानांच्या फळ्यांवर आपली खूण ठेवून गेली. पुराबरोबर वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अशा अडकतात, की पुलाचा बांध होतो आणि पाणी वाट काढायला गावाकडे वळतं. नाशिकच्या नाल्यांनी पोसलेली ही हिरवी गादी एरवी दिसायला छान दिसते. जावयानं तिचा एक फोटो काढलासुद्धा. मेहुण्यानं त्याला अडवलं नाही, पण गावात तो कुणाला दाखवू नका, असं मात्र बजावलं.

पुराचा अंदाज घ्यायची इथली रीत फार जुनी आहे. नाशिकला रामकुंडापाशी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा बातम्या पावसाळ्यात फिरू लागतात. हवामान खात्याचे लाल-पिवळे इशारे लोक ऐकतात आणि मग मारुतीचं काय म्हणणं आहे ते विचारतात. गुडघ्यापर्यंत असेल तर नाशिककर सेल्फी काढतात. छातीपर्यंत गेलं की सायखेड्यात दुकानातली पोती माळ्यावर चढू लागतात. पुढचं काम चांदोरीतल्या तरुण पोरांचं. पट्टीचे पोहणारे असलेली ही मंडळी दर पावसाळ्यात अडकलेल्यांना बाहेर काढायला नदीत उतरतात.

पलीकडे चांदोरीला नदीच्या पात्रातच देवळं आहेत. खंडेरावाचं देऊळ त्यातलं नावाजलेलं. पाणी चढलं की देव आत राहतात आणि भक्त काठावरून हात जोडतात. पाणी उतरलं की दगडी बांधणी, पायऱ्या, कोरीव काम सगळं उघडं पडतं आणि लांबून लोक बघायला येतात. दाजी आणि मेहुणा पोहोचले तेव्हा पाणी वर होतं. ‘‘हे केव्हा उघडतं?’’ जावयानं सवयीनं विचारलं. जवळच जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘आवर्तन झालं की.’’

आवर्तन म्हणजे काय, हे जावयाला समजावण्यात चहाचे दोन कप गेले. वरच्या धरणांतून ठरावीक काळानं शेतीसाठी पाणी सुटतं, नदीतून खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडे जातं. या पाण्याच्या चढउतारावर उसाचं, द्राक्षाचं आणि खंडेरावाच्या दर्शनाचंही गणित बसलेलं आहे.

जावयाला आता इतिहास हवा होता. तोही चांदोरीतच निघाला, हिंगण्यांच्या वाड्याच्या रूपानं. महादेवभट हिंगणे हे मूळचे नाशिकचे, पेशव्यांचे तीर्थोपाध्याय. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेला तेव्हा ते बरोबर होते, आणि पुढे दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून राहिले. त्यांच्यामागे मुलांनी तीच वकिली चालवली. बादशहा कोणावर रुसला, वजीर कोणाला फितूर झाला, खजिन्यात किती खडखडाट आहे, याच्या बातम्या या घराण्याच्या पत्रांतून पुण्याला जात. ही पत्रं पुढे ‘हिंगणे दप्तर’ म्हणून छापली गेली आणि अभ्यासकांना अठराव्या शतकातली दिल्ली घरबसल्या दिसली.

‘‘म्हणजे दिल्लीत काय शिजतंय, हे या गावाला आधी कळायचं,’’ जावई भारावून म्हणाला.

‘‘आजही कळतं. चला, कांदा मार्केटला जाऊ.’’

सायखेड्याच्या उपबाजारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. व्यापारी एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत होते, मुठीत कांदा घेऊन दाबत होते, बोली चढत होती. जावयाला वाटलं, इथं कांद्यावर चर्चा चालली असेल. चर्चा चालली होती ती दिल्लीवर. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांदा निर्यात बंद केली. ३१ मार्चपर्यंत म्हणून केलेली ती बंदी पुढेही चालू राहिली आणि उठली ती ४ मे २०२४ ला. या तारखा इथल्या शेतकऱ्याला पोराच्या लग्नाच्या तिथीपेक्षा पक्क्या लक्षात आहेत. कुणाचा सचिव काय म्हणाला, बांगलादेशाचं काय ठरलं, कुठल्या राज्यात निवडणूक आहे, अशी खबर इतक्या बारकाव्यानं निघत होती, की हिंगण्यांचा एखादा कारकून रांगेत उभा असता तर त्यानं तिथल्या तिथे खलिता लिहायला घेतला असता. तासाभरानं जावईही गोल्टी कांद्याच्या भावाबद्दल मत देऊ लागला, तेव्हा मेहुण्यानं त्याला हाताला धरून गाडीत बसवलं.

नांदूरकडे जाणारा रस्ता द्राक्षबागांमधून आणि उसामधून जातो. द्राक्ष बघायला परवानगी आहे, ऊस मात्र लांबूनच बघायचा, कारण त्यात बिबट्या असू शकतो. निफाड तालुक्यात उसानं बिबट्याला बारमाही घर दिलं आहे. वनखात्याचा पिंजरा आणि त्यातली शेळी हे इथलं आणखी एक प्रेक्षणीय स्थळ आहे, पण शेळीला ते मान्य नसावं. डिसेंबर-जानेवारीत याच तालुक्याचं नाव थंडीच्या बातमीत येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरतो, आणि द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मागे रेंगाळलेल्या त्या धुराला लांबून धुकं समजून जावयानं बरंच कौतुक केलं. जाता जाता मेहुण्यानं न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाल्याचंही सांगून टाकलं. जावयानं गाडी थांबवायला सांगितली, पण सूर्य उतरायच्या आत पक्षी गाठायचे होते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा दगडी बंधारा आहे. इंग्रजांनी तो १९०७ ते १९१३ या काळात बांधला तो कालव्यांना पाणी द्यायला. नदी मात्र पाण्याबरोबर गाळही आणत राहिली. वर्षानुवर्षं गाळ साचून जलाशय उथळ झाला, मध्ये बेटं तयार झाली, कडेला पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसान, पक्ष्यांच्या हिशेबात मात्र याहून सोयीची जागा नाही. १९८६ मध्ये इथं अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्राचं पहिलं रामसर पाणथळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. गाळ साचला म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाल्याची अशी उदाहरणं सरकारी कारभारात फार नसतील.

अभयारण्याच्या दाराशी, चापडगावला, जावयाला अखेर हवं ते सापडलं: तिकीट. फलकही होता. दुर्बिणी मिळत होत्या. गावातलाच एक तरुण गाइड खांद्यावर स्टँड घेऊन पुढे निघाला. ‘‘समोर थापट्या, त्यामागे तलवार बदक, उजवीकडे चमचा.’’ जावयानं सावरायच्या आत पुढचं आलं, ‘‘आणि ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले, वारकरी.’’ हजारोंच्या संख्येनं वारकरी पाण्यावर तरंगत होते आणि दुर्बिणीतून पाहणाऱ्या भाविकांकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं. जांभळी पाणकोंबडी लाल पायांनी पानांवरून ठुमकत गेली. रोहित पक्षी कुठे आहेत, असं जावयानं विचारलं, तेव्हा गाइडनं पाण्याकडे बघून सांगितलं, ‘‘पाणी थोडं उतरू द्या. चिखल उघडा पडला की येतात जवळ.’’ तेवढ्यात ओझरच्या विमान कारखान्याकडून एक सुखोई गडगडत डोक्यावरून गेलं. जावयानं कानांवर हात ठेवले. पाणकोंबडीनं शेपटी एकदा हलवली आणि खाणं चालू ठेवलं.

नांदूर गावातल्या मध्यमेश्वराचं दर्शन झालं. मृगव्याधेश्वराचं देऊळ दाखवताना मेहुण्यानं, रामानं इथूनच सोन्याच्या हरणावर बाण सोडला असं सांगतात, अशी पुस्ती जोडली. जावयाला हरीण कोणत्या दिशेनं पळालं ते हवं होतं. तिथल्या पुजाऱ्यानं नदीकडे हात दाखवला.

रात्री जेवताना जावयानं हिशेब मांडला. खंडेराव पाण्यात, रोहित लांब, दोन्ही गोष्टी पाणी उतरल्यावर बघायच्या.

‘‘मामा, आवर्तन कधी संपणार?’’

‘‘ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं.’’

‘‘आणि बैठक कधी आहे?’’

सासरेबुवांनी ताकाची वाटी खाली ठेवली. ‘‘पालकमंत्र्यांना वेळ मिळाला की.’’

दुसऱ्या दिवशी जावयाच्या ऑफिसात रजा वाढवण्याचा अर्ज पोहोचला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कालवा सल्लागार समितीची बैठक प्रलंबित.’ साहेब मूळचे वैजापूरचे, नांदूर मध्यमेश्वरच्या जलद कालव्याच्या शेपटाला शेत असलेले. त्यांनी रजा मंजूर केली आणि खाली शाईनं लिहिलं, ‘तारीख कळल्यास मलाही कळवणे.’