राजगड नावाचा व्हेरिएबल

वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका ग्रामपंचायतीने संकेतस्थळ करायचं ठरवलं आणि पहिल्याच बैठकीत गावात तट पडले. एक सॅसवाल्यांचा, दुसरा लेसवाल्यांचा. (गाव काल्पनिक आहे, शोधायला जाऊ नका. तट मात्र अस्सल आहेत.)

झालं असं की सरपंचांचा पुतण्या हिंजवडीत कामाला. तो म्हणाला, "काका, नुसतं सीएसएस आता कोण लिहितंय? प्रीप्रोसेसर घ्यावा लागतो." घ्यावा लागतो म्हटल्यावर सरपंचांनी सवयीने विचारलं, "कोटेशनं किती मागवायची?" वस्तू फुकट मिळते हे कळताच ग्रामसेवक, म्हणजे हल्लीचे ग्रामपंचायत अधिकारी, अस्वस्थ झाले. फुकट वस्तू कोणत्या रकान्यात धरायची, याचा शासन निर्णय त्यांच्याकडे नव्हता.

आता थोडं शास्त्र. पानावरचे रंग, अक्षरांचा आकार, समास हे ब्राउझरला सांगायची भाषा म्हणजे सीएसएस. ती अधिकृत झाली डिसेंबर १९९६ मध्ये. पण एखाद्या रंगाला नाव द्यावं आणि पुढे ते नाव वापरावं, एवढी साधी सोय तिच्यात बरीच वर्षं नव्हती. हिरवा चाळीस ठिकाणी हवा तर चाळीसदा लिहा, आणि साहेबांना छटा आवडली नाही तर चाळीसदा खोडा. ही मजुरी वाचवायला २००६ मध्ये हॅम्प्टन कॅटलिन यांनी सॅस आणलं, २००९ मध्ये लेस आलं, २०१० मध्ये स्टायलस. या तिन्ही प्रीप्रोसेसरांचा धंदा एकच: तुम्ही आमच्या पद्धतीने लिहा, आम्ही त्याचं साधं सीएसएस करून देतो. ब्राउझरला पत्ताही लागत नाही की मूळ कशात लिहिलं होतं.

"मग भांडण कशापायी?" कोपऱ्यातल्या आबांनी विचारलं.

"चिन्हापायी," पुतण्या म्हणाला. "सॅसमध्ये व्हेरिएबलपुढे, म्हणजे अशा ठेवलेल्या नावापुढे, डॉलर लावतात, लेसमध्ये ईमेलमधलं ॲट."

चिन्ह म्हटल्याबरोबर बैठकीत जान आली. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत कोणालाही समजेल असा हा एकमेव तांत्रिक मुद्दा असावा. त्यात सॅसमध्येही फूट आहे हे निघालं: महिरपी कंस न मानणारा मूळ गट, आणि २०१० चा कंस-अर्धविरामवाला एससीएसएस गट. घराण्याचं नाव मूळ गटाकडे राहिलं, कार्यकर्ते दुसरीकडे गेले. बूटस्ट्रॅप या तयार बटणं-रकाने देणाऱ्या संचाचं तर पक्षांतरच. २०११ मध्ये तो लेसच्या तिकिटावर निवडून आला आणि चौथ्या आवृत्तीत सगळ्या बटणांसकट सॅसमध्ये प्रवेश करता झाला. रुबी भाषेतलं मूळ सॅस २०१९ मध्ये निवृत्त झालं, पाठोपाठ त्याचं भावंड लिबसॅसही, आणि आता कारभार डार्ट भाषेतून चालतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे फार ओळखीचं वाटलं. त्यांचंही पद बदललं, टेबल तेच आहे.

पण व्हेरिएबलची किंमत या खोऱ्याइतकी कोणाला कळावी? मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मान्यता दिली. सरकार सॅसमध्ये लिहिलेलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. ते हाताने लिहिलेलं आहे. कचेरीची पाटी वेगळी, शिक्का वेगळा, दाखल्याचा मथळा वेगळा, आणि प्रत्येक ठिकाणी नाव नव्याने रंगवायचं. (तालुक्याचं नाव सीएसएसमध्ये नसतं, अशी दुरुस्ती पुतण्याने सुचवली. बहुमताने फेटाळली.)

त्यातून राजगड हे नाव आधीच वापरात. राजगड पोलीस ठाणं राजगड तालुक्यात नाही, भोर तालुक्यात आहे. राजगड साखर कारखानाही भोर तालुक्यातच. किल्ला तेवढा आपल्या जागी. जुन्या सॅसमध्ये सगळ्या फायली एकाच अंगणात उतरायच्या, एका नावाचे दोघे आले की शेवटी आलेला जिंकायचा. म्हणून २०१९ मध्ये 'यूज' आलं: नावाआधी फाइलचं नाव लावा. आपण हे बुद्रुक, खुर्द आणि 'ता. भोर' लिहून कधीपासून करतोय, पण पेटंट कोणी घेतलं नाही.

सीएसएसमध्ये ओळीशेवटी 'इम्पॉर्टंट' लिहिलं की ती ओळ बाकीच्यांना जुमानत नाही. लोकांची जीभ तशीच. तोरण्याचं प्रचंडगड झालं, रोहिड्याचं विचित्रगड, लॉइड साहेबाचं नाव धरणाला लागलं. लोक तोरणा, रोहिडा आणि भाटघरच म्हणतात. एसटीत चढणारी आजी 'एक वेल्हे द्या' हेच म्हणणार, आणि कंडक्टर तिला राजपत्र दाखवणार नाही.

शेवटी पुतण्याने खरं ते सांगून टाकलं. व्हेरिएबल आता सीएसएसलाच येतात, २०२३ पासून नियमात नियम ठेवायची सोयही ब्राउझरांत आली. चार पानांच्या संकेतस्थळाला प्रीप्रोसेसर नसला तरी चालेल. सभागृहात शांतता पसरली. निवडच करायची नसेल तर समिती कशाची, आणि झालेली भजी कोणत्या खर्चात घालायची?

ठराव एकमताने मंजूर झाला: सॅस स्वीकारावं; लेसवाल्यांना रंग-उपसमितीचं अध्यक्षपद द्यावं; स्टायलसला कोणी वाली नसल्याने निमंत्रित म्हणून घ्यावं; आणि तालुक्याचं नाव पेन्सिलीने लिहावं.