भिंतभर तपकीर

दिवाळीआधी हॉलची एक भिंत गडद तपकिरी करायची, हा हट्ट माझा. शेडकार्डावर त्या रंगाचं नाव कॉफीबिफीचं, मखमली होतं. पेंटरने कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि विचारलं, "म्हणजे दाराचाच कलर ना, मॅडम?"

सासूबाईंना कॉफी पटली नाही. तपकिरीला तपकिरीच म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे मामा तपकीर ओढायचे आणि मामांचे रुमाल धुणं या भाचीकडे होतं. त्यामुळे हा त्यांच्या लेखी रंग नव्हेच, डाग आहे.

कार्डावरचा चौकोन तिकिटाएवढा, भिंत बारा फुटांची. पहिला हात मारून झाला तेव्हा भिंत शेणाने सारवल्यासारखी दिसत होती. दुसरा वाळल्यावर हॉल हातभर आखडला. पुढे वाचनात आलं की इंद्रधनुष्यात तपकिरी नसतोच. नारिंगीचा उजेड कमी करून तो उजळ रंगांशेजारी ठेवला की आपला डोळा त्याला तपकिरी म्हणतो. म्हणजे मी पैसे मोजून भिंतीला मावळलेला नारिंगी लावला होता.

नवऱ्याने जेवताना आणखी एक माहिती वाढली. ऑस्ट्रेलियात २०१२पासून सिगारेटच्या पाकिटांना मळकट, गडद तपकिरी रंग सक्तीचा आहे. लोकांना कुठला रंग सगळ्यांत नकोसा वाटतो, हे तपासून निवडलेला! मीही ऐकवलं, की पॅन्टोनने २०२५चा रंग म्हणून 'मोका मूस' निवडला, तोही तपकिरीच. "तो फिका आहे," एवढं बोलून त्याने आमटी वाढून घेतली.

गडद रंगावर मळ दिसत नाही, हा माझा आणखी एक समज. शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींना खालून चार फूट चॉकलेटी ऑइल पेंटचा पट्टा असतो ना, तो हातांचे ठसे, टेकलेल्या पाठी, चपलांचे तळवे, पानाची पिचकारी, सगळं पोटात घालतो. आमच्या मॅट फिनिशने काहीच पोटात घातलं नाही. धूळ दिसते, नखाचा ओरखडा दिसतो. घड्याळासाठी खिळा ठोकायला घेतला, तो वाकला. दुसरा ठोकला, तर आतली पांढरी पुट्टी टवक्याने बाहेर आली. आता तेवढी जागा कातरलेल्या सुपारीसारखी दिसते. घड्याळ फ्रिजवर आहे.

सासूबाईंच्या माहेरी स्वयंपाकघर चुलीच्या धुराने असंच तपकिरी व्हायचं. दर दिवाळीला त्यांची आई चुन्यात नीळ कालवून कुंच्याने भिंती पांढऱ्या करायची. होळीपर्यंत पुन्हा तेच. भिंतीवर बोट फिरवून, ते पदराला पुसून त्या म्हणाल्या, "आम्ही फुकट मिळालेला खरवडून काढला, तू विकत आणलास."

मात्र एक कबूल करायला हवं. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी या भिंतीपुढे पितळी समई ठेवली, की ती नुकतीच चिंचेने घासल्यासारखी झळकते. पांढऱ्या भिंतीपुढे ती अशी कधी दिसली नव्हती. परवा सासूबाईही तिच्याकडे बराच वेळ बघत बसल्या. मग वात जरा पुढे सारून म्हणाल्या, "ट्यूब लाव, काही दिसत नाहीये."

माळ्यावर दीड लिटर रंग उरलाय. कुणाला हवा असेल तर खुशाल घेऊन जा. डबा खालपर्यंत आम्ही आणून देऊ.