बाहेरचं घड्याळ

स्टार्टचं बटण दाबलं की ठेका सुरू व्हायला हवा. तो झाला नाही. पुन्हा दाबलं. पट्ट्या दाबल्या तर सूर येत होते, पडद्यावर आकडे दिसत होते, बटणातला दिवाही लुकलुकत होता. ठेका तेवढा हलेना. आमच्या टाळकऱ्यांनी टाळ मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचा कॅसिओ रुसला दिसते."

हा कॅसिओ मुळात कॅसिओ नव्हताच. पण मेहकरात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं जे काही असेल ते कॅसिओ. वनस्पती तूप कुठल्याही कंपनीचं असो, ते डालडा, तसं. निवृत्तीनंतर मी तो कुणाकडून तरी जुना घेतला. बेत साधा होता. कार्तिकातला काकडा आमच्या भजनी मंडळाच्या आवाजात एकदा रेकॉर्ड करून ठेवायचा. मंडळातल्या दोघांचे गळे आता पहाटे साथ देत नाहीत, आणि पेटी तर माझ्यापेक्षा वयानं मोठी.

रुसलेला कीबोर्ड चादरीत गुंडाळून मी एसटीनं दुसऱ्या गावी नेला. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, ब्रशनं धूळ झाडली, तीन दिवस ठेवून घेतला, पाचशे रुपये घेतले आणि "बोर्ड गेला असंल" असं सांगून परत दिला. परतताना तो आधीपेक्षा स्वच्छ होता, एवढं मान्य करायला हवं.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्यानं दोन बटणं दाबली, पडदा वाचला आणि हसू दाबत म्हणाला, "मामा, याला काहीच झालं नाही. याचं क्लॉक तुम्ही एक्स्टर्नल करून ठेवलं. म्हणजे ताल बाहेरून येईल, तोवर थांब. तो बिचारा महिनाभर वाट पाहू राहिला."

तेव्हा आठवलं. लॅपटॉपला जोडायच्या खटपटीत ते मीच बदललं होतं. चाळीस वर्षं वर्गात "सांगितल्याशिवाय सुरू करायचं नाही" असं ओरडलो, तेव्हा एकाही पोरानं ऐकलं नाही. ऐकलं ते या पेटीनं.

मग भाच्यानं मला मिडी शिकवली, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडले गेले. एक सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट ६००, दुसरा रोलँडचा ज्युपिटर ६. एकाची पट्टी दाबली आणि सूर दुसऱ्यातूनही निघाला. त्यामागचे दोघे डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक, तरी एकच भाषा ठरवायला बसले. आमच्याकडे दोन भजनी मंडळं एका मंडपावर एकमत करत नाहीत, म्हणून मला याचं विशेष कौतुक.

जोडणीचा नियम सोपा. इथल्या आउटमधून निघायचं आणि तिथल्या इनमध्ये शिरायचं, पोरगी सासरी जाते तसं. मी पहिल्या दिवशी आउटमधून आउटमध्ये जोडलं होतं. दोन सासवा समोरासमोर बसवल्यासारखं झालं. बोलत दोघीही होत्या, ऐकत कुणीच नव्हतं.

पण खरी गंमत पुढं आहे. त्या वायरीतून आवाज जातच नाही. जातो तो फक्त निरोप: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोरानं दाबली, आता सोडली. जोर मोजायला शून्य ते १२७ आकडे. म्हणजे मिडीत रेकॉर्ड केलेलं गाणं ही किराण्याची यादी आहे, स्वयंपाक नव्हे. ही यादी मी हौसेनं पुण्याच्या बहिणीला पाठवली. माझ्या बासरीच्या सुरातली आरती तिच्या संगणकावर पियानोत वाजली. "दादा, चर्चमध्ये गेला होता का?" असा तिचा फोन आला.

निरोप जातात तेही रांगेनं. एका सेकंदाला ३१,२५० बिट इतका वेग, म्हणजे एका सुराच्या निरोपाला साधारण एक मिलिसेकंद. दहा बोटं एकदम ठेवली तरी दहा सूर एकामागे एक, रेशनच्या दुकानापुढच्या माणसांसारखे उभे असतात. कानाला कळत नाही, ते सोडा. आणि एखादा निरोप वाटेत हरवला तर? एका संध्याकाळी लॅपटॉप वाजवत होता, कीबोर्ड त्याचं ऐकत होता, आणि माझा पाय अडकून वायर निघाली. "पट्टी दाबली" पोचलं होतं, "सोडली" पोचलंच नाही. सूर थांबेना. मी घाबरून बटणं शोधतोय, तोवर आमच्या विणेकरीबुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला होता. अडकलेला सूर नेमका सा होता, आणि त्यांच्या मते त्या दिवसभरात यंत्रानं केलेलं ते पहिलं शहाणपणाचं काम.

ही वायर पंधरा मीटरच्या पुढं चालत नाही म्हणे. लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनी नावाच्या बाईनं मेहकरात उंच महाल बांधला, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. वायर नव्हती तेव्हा माणसं इशाऱ्यासाठी मजले चढवत.

आता तालाचं. एका मात्रेला २४ टिचक्या, असा मिडीच्या घड्याळाचा हिशेब. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर सेकंदाला ४८ टिचक्या. जो टिचक्या देतो तो मास्टर, बाकीचे ऐकणारे. दोन मास्टर चालत नाहीत. मिडी येण्याच्या आधी यंत्रं एका तालात बांधायचं हे काम आपल्याकडे एका माणसानं केलं होतं, हे भाच्यानं सांगितलं तेव्हा मी चहा खाली ठेवला. मुंबईचे चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या तीन पेट्या घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले: ज्युपिटर ८ हा कीबोर्ड, टीआर ८०८ ही ठेक्याची पेटी आणि टीबी ३०३ ही खर्जाची. शेवटच्या दोघींना एका तालात बांधायला रोलँडचीच वेगळी पाच पिनांची वायर होती. दिसायला अगदी मिडीसारखी, स्वभावानं नाही. रेकॉर्ड निघाली आणि विस्मरणात गेली. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जगभरचे लोक म्हणाले की शिकागोत १९८२ नंतर पाच वर्षांनी ज्या नाचाच्या संगीताचा गवगवा झाला, ते या माणसानं आधीच वाजवून ठेवलं होतं. २०१५ मध्ये ते गेले. मी ती रेकॉर्ड ऐकली. भैरवी ऐकताना पाय हलला, तोडीला थोडं वाईट वाटलं. ललित मात्र तीनदा ऐकला. यंत्र रागाच्या आड येत नाही, एवढं त्या रेकॉर्डनं मला पटवलं.

पण ते डिस्को होतं. तिथं लय पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत जागची हलत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा, पण त्या आठ मात्रांना अभंगाच्या शेवटापर्यंत पाय फुटतात. भाच्यानं लॅपटॉपला मास्टर केलं, लय ८० वर ठेवली, मंडळाला बसवलं. ध्रुपदाला सगळे बरोबर होते. दुसऱ्या कडव्याला टाळ पुढं निघाले. तिसऱ्याला पखवाज टाळांच्या मागं धावला. गजराच्या वेळी यंत्र एकटंच मागं राहून इमानदारीनं ८० वाजवत होतं, मिरवणूक पुढं गेल्यावर चौकात उभ्या राहिलेल्या होमगार्डसारखं.

भाचा म्हणाला, "तुम्ही लय वाढवू राहिले."

टाळकरी म्हणाले, "आम्ही कुठं? हाच मागं पडू राहिला."

दोघंही आपापल्या जागी खरे. तेवढ्यात लाईन गेली. कीबोर्ड विझला, पंखा थांबला, आणि बॅटरीवरचा लॅपटॉप अंधारात कुणीही ऐकत नसताना टिचक्या मोजत राहिला. आम्हाला त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं डाव उलटा केला. आधी नुसतं मंडळ रेकॉर्ड केलं, घड्याळाशिवाय. मग रेकॉर्डिंग ऐकत, टाळाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो एक कळ दाबत गेला. त्यावरून लॅपटॉपला आमची लय कळली, कुठं वाढली, कुठं बुवांनी श्वास घेतला, सगळं. आता लॅपटॉप त्याच चालीनं टिचक्या देऊ लागला, गजराला घाईनं, सुरुवातीला सावकाश. आणि कीबोर्ड, पुन्हा एक्स्टर्नलवर ठेवलेला, मुकाट्यानं मागून चालू लागला. सुरुवात मिनिटाला ७२, शेवट १३८. तीन संध्याकाळी गेल्या.

टाळकऱ्यांना मी समजावून सांगितलं की आता या सगळ्या यंत्रांचे मास्टर तुम्ही. ते टाळ पिशवीत भरत होते. म्हणाले, "मंग आधी कोण होतं?"

तर काकडा झालाय, ज्यांना हवा त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यावं. आणि तुमच्याही घरी कीबोर्डचा ठेका बंद पडला असेल, तर चादरीत गुंडाळण्याआधी तेवढं क्लॉक इंटर्नलवर आहे का ते बघा. पाचशे रुपये आणि एसटीचं भाडं वाचेल.