बारा माणसं आणि एक खिळा

गेल्या रविवारी मी मुलुंडहून मरोळला गेलो तो परीक्षक म्हणून. परीक्षक म्हटल्यावर भावगीत स्पर्धा, शाल आणि नारळ डोळ्यांसमोर आले असतील तर ते पुसून टाका. माझा भाचा बोरिवलीला राहतो आणि अ‍ॅप बनवतो. सध्या त्याने दूध, पेपर, इस्त्री आणि कामाच्या मावशी यांच्या खाड्यांचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप केलं आहे. गूगलचा नियम असा की, नवीन वैयक्तिक खातं काढणाऱ्याने आपलं अ‍ॅप प्ले स्टोअरवर सगळ्यांना खुलं करण्याआधी किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस चाचणीत टिकवून दाखवायचे. २०२३ साली नियम आला तेव्हा २० माणसं लागत, पुढच्या वर्षी ती १२ वर आली. आमच्या घराण्यात २० माणसं सलग १४ दिवस एका मताची राहणार नाहीत, हे कॅलिफोर्नियात कुणी कळवलं कोण जाणे.

बारांत मी सातवा. पहिली त्याची आई, बारावा त्यांच्या इमारतीचा वॉचमन. त्याच्याकडे दूधही येत नाही आणि पेपरही येत नाही, पण तो रोज इमानाने अ‍ॅप उघडून 'आज आले नाही' अशी नोंद करतो. पहिल्या खेपेला अकराव्या दिवशी डोंबिवलीच्या मावशीने 'सारखं काय विचारतंय मेलं' म्हणत चाचणीतून बाहेर पडायचं बटण दाबलं आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. तेव्हापासून भाचा त्या मावशीशी फोनवर इतक्या गोड आवाजात बोलतो की तिला वाटतं, त्याला पैसे हवे आहेत.

तर रविवारी 'इंडी' डेव्हलपरांची छोटी परिषद होती. इंडी हा शब्द ऐकून मला आधी राजकीय आघाडी आठवली, मग विजापूरकडचं इंडी गाव, जिथल्या लिंबांना भौगोलिक मानांकन आहे. भाचा म्हणाला, "मामा, इंडी म्हणजे स्वतंत्र. नोकरी नाही, साहेब नाही, गुंतवणूकदार नाही. तू नुसता येऊन बस. हॉलमध्ये एक तरी खरा युजर दिसला पाहिजे."

मेगाब्लॉकच्या धास्तीने तासभर आधी निघालो, घाटकोपरला मेट्रो पकडली आणि मरोळ नाक्याला उतरून एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचलो. खाली लग्नपत्रिकांचा छापखाना, वर परिषद. लिफ्टमध्ये माझ्यासोबत कागदाची रिळं होती आणि लिफ्टमनने आधी रिळं उतरवली. वर दारातच गळ्यात पट्टा घातला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि खाली 'फाउंडर' छापलेलं. माझ्या पट्ट्यावर नुसतं 'मामा' होतं. चहाच्या रांगेत मी सहज मोजलं: पुढे नऊजण, नऊही संस्थापक. एवढे संस्थापक एका जागी मी फक्त आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या अहवालात पाहिले होते.

पहिल्या वक्त्याचं वय चोवीस आणि विषय 'थकून गेल्यावर पुन्हा उभं कसं राहावं'. मी बत्तीस वर्षं मुलुंड-फोर्ट केलंय, म्हणून आदराने ऐकलं.

दुसऱ्याने पडद्यावर पहिलंच वाक्य टाकलं, 'माझा साहेब मीच'. टाळ्या झाल्या. मग त्याने आकडे काढले. अ‍ॅपलकडे दुकान मांडायचं तर वर्षाला ९९ डॉलर. विक्रीतला वाटा ३० टक्के, वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत असाल तर अर्ज करून १५. गूगलकडे प्रवेशाचे एकदाच २५ डॉलर, मग वाटा साधारण त्याच मापाचा. ऐकता ऐकता मला आजोबा आठवले. ते कोकणात खोताचं कूळ. जमीन खोताची, नांगर आजोबांचा, घाम आजोबांचा आणि पीक आलं की अर्धेल खोताच्या पडवीत. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक ठरला आणि आजोबांनी त्या दिवशी म्हणे आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोप काढली. त्या मानाने पंधरा टक्के म्हणजे खोत फारच दिलदार. मी हे शेजारच्या मुलाला सांगितलं. तो लॅपटॉपवरचे स्टिकर चाचपत म्हणाला, "अंकल, हे कूळ कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे?"

मग एका मुलीने ओपन सोर्सवर भाषण केलं आणि ते मात्र खरोखर चांगलं होतं. विद्याविहारच्या फ्रापेचं ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचा अख्खा हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, त्याचा सगळा कोड कुणीही फुकट घ्यावा आणि कंपनीने ते चालवून देण्याचे, सांभाळण्याचे पैसे घ्यावेत, असा तो मामला. मागच्या रांगेतून 'फुकट देतात तर खातात काय' हा प्रश्न आलाच. विचारणारा मुलुंडचाच निघाला. पुढे तिने २०१६ च्या मार्चमधली गोष्ट सांगितली. एका माणसाने भांडण होऊन आपला अकरा ओळींचा कोड सार्वजनिक कोठारातून काढून घेतला आणि जगभरात हजारो प्रकल्पांची कामं अडली. त्या अकरा ओळींचं काम काय? तर मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी जागा सोडणं. डावीकडे समास सोडायला आम्हाला तिसरीत बाईंनी हातावर पट्टी मारून शिकवलं. बड्या कंपन्यांनी तेवढ्यासाठी परक्या माणसाचा कोड उसना आणला होता. दोन-अडीच तासांत तो त्याच्या परवानगीविना परत जागेवर ठेवला गेला. स्वतंत्र माणूस रुसलासुद्धा जेमतेम दोन-अडीच तास.

खरी गर्दी झाली ती जेवणानंतर, चार्टर्ड अकाउंटंटच्या भाषणाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषणात डुलक्या काढणारे एकजात ताठ बसले. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही म्हटल्यावर हॉलमध्ये अशी शांतता पसरली की त्या मर्यादेपासून किती संस्थापक किती सुरक्षित अंतरावर आहेत ते दिसलं. मग सीए म्हणाले, परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून डॉलर आले तर कायद्याने तुम्ही निर्यातदार. बोरिवलीत आईच्या शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून बसणारा माझा भाचा एकदम ताठ झाला. मरोळहून जवळच सीप्झ आहे. निर्यात करायची म्हणून १९७३ साली सरकारने त्याला कुंपण घातलं, फाटकं लावली, पहारे बसवले. आता निर्यातीला शिलाई मशीन पुरतं. फक्त फॉल-बिडिंगचं काम आलं की निर्यात थांबते.

शेवटी प्रात्यक्षिकं. भाच्याची पाळी आली आणि हॉलचं वायफाय गेलं. त्याने माझ्या दिशेने हात पसरला. त्याच्या स्वातंत्र्याचा पुढचा अर्धा तास माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर आणि रोजच्या दीड जीबीवर चालला.

"लोक आजही खाडे कॅलेंडरवर लिहितात," तो म्हणाला. 'आजही'वर त्याने जो जोर दिला तो ऐकून दोघा-तिघांनी हळहळत मान हलवली.

"युजर किती?" कुणीतरी विचारलं.

"बारा."

"रोज उघडणारे?"

"बारा."

"आणि सोडून गेलेले?"

"एकही नाही."

रिटेन्शन शंभर टक्के! हॉल उभा राहिला. असा आकडा त्या खोलीत कुणी पाहिला नव्हता. दोघांनी भाच्याबरोबर फोटो काढले, एकाने त्याला पुढच्या खेपेला 'वापरकर्ते धरून कसे ठेवावेत' यावर बोलायची गळ घातली. डोंबिवलीच्या मावशीबद्दल मी काही बोललो नाही. घरातल्या गोष्टी चारचौघांत काढू नयेत.

घरी पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते आणि हॉटस्पॉटने फोनचा जीव घेतला होता. सौ. भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आज उघडलंत का ते?"

"काय?"

"अ‍ॅप. रोज एकदा उघडायचं म्हणून बजावून गेलाय तो."

म्हटलं, दिवसभर त्याच्याच परिषदेला तर होतो. त्यावर ती काही बोलली नाही. फोन चार्जिंगला लावला, जेवलो आणि आडवा झालो तो झोपच लागली.

सकाळी दूध घ्यायला उठलो. फ्रिजशेजारच्या खिळ्यावर आमचं कालनिर्णय असतं. सीप्झसारखं तेही १९७३ सालीच सुरू झालेलं; अजून एकदाही अपडेट मागितलेलं नाही. दुधाच्या आकड्यांखाली गेल्या आठवड्यापासून सौ.ने पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या, एक तिची, एक माझी. अ‍ॅप उघडलं की खूण. विसरायला नको म्हणून. आठ दिवस दोन्ही खुणा बरोबर होत्या. रविवारच्या चौकोनात तिच्या खुणेशेजारी माझ्या जागेवर तिने लिहिलं होतं, 'खा'.